टिंबाचे दोन अर्थ : संगणकीय नोंदींच्या दुरुस्तीतील एक दक्षता

दप्तरातील एक टिंब चुकले, तर रकमेचा अर्थ बदलतो, हे प्रत्येक लिपिकास ठाऊक असते. संगणकावरील नोंदी लेखी आज्ञेने दुरुस्त करतानाही हीच दक्षता आवश्यक आहे. तेथे टिंबाला दशांशचिन्हाहून वेगळा असा आणखी एक अर्थ आहे.

युनिक्स प्रणालीतील 'सेड' हे साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमोहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास तयार केले. हजारो ओळींतील मजकूर शोधून त्या जागी दुसरा मजकूर घालण्याचे काम ते अल्पावधीत करते. शोधावयाच्या मजकुरातील काही चिन्हे मात्र त्याच्या लेखी अक्षरे नसून सूचना असतात. टिंब म्हणजे 'कोणतेही एक अक्षर', तर तारका म्हणजे 'आधीचे अक्षर कितीही वेळा, अथवा मुळीच नाही'.

चूक कशी घडते?

समजा, पाणीपट्टीच्या यादीत १२.५० हा दर बदलून १५.५० करावयाचा आहे. आज्ञेत १२.५० असेच लिहिल्यास दर बदलेलच. परंतु त्याच यादीतील १२७५० ही थकबाकीही १५.५० होऊन बसेल, कारण टिंबाच्या जागी ७ हा अंकही चालतो. संगणक चुकीची सूचना देणार नाही. त्याने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते.

उपाय

अशा चिन्हापूर्वी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, द्यावी. १२\.५० असे लिहिल्यावर टिंब हे टिंबच राहते. संपूर्ण आज्ञा एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावी. अन्यथा आज्ञा स्वीकारणारा शेल हा कार्यक्रम ती रेघ आधीच काढून टाकतो.

साधी तिरपी रेघ आज्ञेचे भाग वेगळे करते. त्यामुळे ०१/०५/१९६० अशी तारीख शोधताना प्रत्येक रेघेपूर्वी बॅकस्लॅश द्यावा किंवा विभाजक म्हणून # सारखे दुसरे चिन्ह निवडावे.

नव्या मजकुराचे नियम वेगळे आहेत. तेथे टिंब निरुपद्रवी असते; परंतु & या चिन्हाचा अर्थ 'जो मजकूर सापडला तोच' असा होतो. 'आणि' च्या जागी & घालू पाहणाऱ्यास पुन्हा 'आणि' च मिळतो! तेथे \& असे लिहावे लागते.

आधी तपासणी, मग बदल

बॅकस्लॅश दिल्यानंतरही ११२.५० मधील १२.५० हा भाग बदलू शकतो. म्हणून मूळ फाइलची प्रत राखून ठेवावी, कोणत्या ओळी सापडतात हे बदलापूर्वी पाहावे आणि दुरुस्त यादी मूळ यादीशी ताडून घ्यावी. एका ग्रामस्थाच्या नावावरील थकबाकी एका टिंबापायी नाहीशी होऊ नये, यासाठी एवढे श्रम अल्पच म्हणावे लागतील.