संगणकाची तारीख मागे का जाते?

आमच्या प्रयोगशाळेतला संगणक एकदा रुसला. गुण भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि एकही संकेतस्थळ उघडेना. 'जोडणी सुरक्षित नाही' एवढेच तो सांगे. गुण शेजारच्या महाविद्यालयात जाऊन भरले. तंत्रज्ञाला बोलावले आणि चार दिवस हातावर हात ठेवून बसलो. त्याने पाच मिनिटांत एक चकती बदलली. मी दरसाल विद्युतघट शिकवतो. तरी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख १ जानेवारी, तीही दहा वर्षांमागची, हे मला दिसले नव्हते!

ती चकती म्हणजे ३ व्होल्टचा लिथियम घट. त्यावर 'सीआर २०३२' असे छापलेले असते: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक बंद असताना आतले घड्याळ या घटावर चालते. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. या संख्येला १५ वेळा २ ने भागून पाहा. उत्तर १ येते, म्हणजे सेकंदाला एक ठोका.

घट क्षीण झाला की तारीख मागे जाते. पण त्यासाठी संकेतस्थळांनी का अडावे? प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ संगणकाला आपले ओळखपत्र दाखवते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध, हे त्यावर असते. दहा वर्षे मागे गेलेल्या संगणकाच्या हिशेबी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. बिचाऱ्याचा तर्क बिनचूक, तारीख तेवढी चुकीची! ती हाताने दुरुस्त केली, तरी त्या दिवसापुरते काम निभते.

हा दोष घरापेक्षा शाळेत लवकर दिसतो. भिंतीवरचा स्विच चालू असला तर बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते. शाळेत संध्याकाळी मेन स्विचच बंद होतो. मग सारा भार घटावर.

प्लग काढून, शिक्षकांच्या देखत घट बाहेर काढा आणि मल्टिमीटरने मोजा. नवा घट ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. जुना घट लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर जिवावर बेतते.

वीजपुरवठ्याची लोखंडी पेटी मात्र उघडायची नाही. २३० व्होल्टचे शिखरमूल्य २३० × √२, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. तितका भारित झालेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो. तिथे तंत्रज्ञच हवा. तो येईपर्यंत पडद्यावरचा संदेश, तारीख आणि वेळ वहीत जशीच्या तशी उतरवून ठेवा.