दिवाळीत व्हिएतनाम? मग मधला भाग राहू दे

अगं, तुझी ती वही बघितली. हनोई, सापा, हालाँग, निन बिन, हुए, दानांग, होई आन, सायगॉन, मेकाँग, फू क्वोक. नऊ दिवसांत दहा नावं! डोकं गरगरणारच गं. पण मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं आणि तुझं ऑफिस एकाच वेळी सांभाळणारी तू, तुला हे अजिबात जड नाही. फक्त सुरुवात दुसरीकडून कर. काय बघायचं हे नंतर, आधी कधी जायचं ते बघ. तुमची सुट्टी दिवाळीची आहे ना? मग निम्मा निर्णय झालाच म्हणून समज.

बघ, हा देश शेवग्याच्या शेंगेसारखा लांबट आहे, उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किलोमीटर. त्यामुळे एकाच दिवशी तीन ठिकाणी तीन हवामानं असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हनोईकडे छान कोरडी, सुखद हवा असते. दक्षिणेत पाऊस ओसरत आलेला असतो, दुपारची एखादी जोरदार सर येऊन जाते. आणि मधला पट्टा, म्हणजे हुए, दानांग, होई आन, तिथे नेमका तेव्हाच पाऊस कोसळत असतो. होई आनला थू बोन नदीचं पाणी जुन्या गल्ल्यांमध्ये शिरतं, कधीकधी लोक रस्त्यातून होडीने फिरतात. तू ज्या कंदिलांच्या फोटोंवर भाळली आहेस ना, ते कोरड्या दिवसांतले आहेत. लहान मुलं आणि गुडघेदुखीची सासू बरोबर घेऊन त्या पाण्यात जाऊ नकोस. मी जाऊ देणार नाही तुला.

खरं सांगू का, हे सांगताना मलाच वाईट वाटतं, कारण त्या देशातला मला सगळ्यात प्रिय भाग तोच आहे. होई आनपासून तासाभरावर ‘मी सन’ आहे, चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत तिथे देवळं उभी राहत गेली. १९६९च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात त्यातली कितीतरी पडली. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीसाठी गेली, आणि २०२० साली त्याच कामात नवव्या शतकातलं एक अखंड दगडी शिवलिंग सापडलं. सासूबाईंना हे दाखवायला हवंच. पण ते मे महिन्यासाठी ठेव. तेव्हा तिकडे ऊन असतं, आपल्याला सोसेल इतकंच, आणि दानांगचा समुद्र पोहण्याजोगा असतो. त्या खेपेला फक्त मधला भागच कर, निवांत.

आता या दिवाळीचं. उत्तरेला जास्त दिवस दे, दक्षिणेला थोडे. उत्तरेत तुझी ओढाताण होणार ती सापा की निन बिन यावर. सापाची सोनेरी भातशेतं सप्टेंबरात असतात. दिवाळीपर्यंत कापणी होऊन गेलेली असते, आणि हनोईहून पाच-सहा तासांचा रस्ता आहे. सोड ते. निन बिन दोन तासांवर. तिथे चुनखडीच्या डोंगरांमधून, गुहांच्या खालून वल्हवत नेतात. गुहेत डोकं थोडं वाकवावं लागतं, एवढंच. सासूबाईंना बसल्या जागी सगळं दिसतं. हांग मुआचा डोंगर मात्र सुमारे पाचशे पायऱ्यांचा आहे, तिथे तू आणि मुलं सकाळी लवकर जाऊन या. त्यांना खाली चहा घेत बसू दे, आग्रह करू नकोस.

हालाँगची रात्र बोटीवरच काढ, पण ती सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नकोस. वादळी हवा असली की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पुढे दोन-तीन दिवस हाताशी असले की तुझा जीव टांगणीला लागत नाही. म्हणजे हनोईत दोन रात्री, निन बिनला दोन, बोटीवर एक, मग विमानाने सायगॉनला तीन. रेल्वेचा मोह आवर, हनोई ते सायगॉन तीस तासांहून जास्त लागतात. सायगॉनहून एक दिवस मेकाँगला जा, एक दिवस कूचीची भुयारं. फू क्वोक नको, तो बेटावरचा आराम डिसेंबरनंतरचा.

जेवणाची काळजी करतेस ना? शाकाहारी आहात, तर ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोध, ती पूर्ण शाकाहारी असते. पौर्णिमा-अमावास्येला तिथले बरेच बौद्ध लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी तर चंगळच. इतर ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असतो, तो घालू नका असं फोनवर त्यांच्या भाषेत लिहून दाखव. खाकरे, मेतकूट आणि चटणीची पुडी बॅगेत असू दे, विशेषतः बोटीवरच्या रात्रीसाठी.

तिकिटं काढताना हनोईला उतर आणि सायगॉनहून परत ये. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत. उगाच परत उत्तरेला यायची गरज नाही. ई-व्हिसाच्या अर्जात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते विचारतात, म्हणून विमानतळ पक्के झाल्याशिवाय अर्ज उघडूच नकोस. आणि आज रात्री एक काम कर. घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांड. सहा महिन्यांहून जास्त मुदत आहे का बघ, आणि सासूबाईंच्या पासपोर्टवर मधलं नाव कसं लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घे. अर्जात अगदी तसंच हवं.