पडद्याने बोलावे, पेटीने मौन पाळावे : घरी लाउडस्पीकर तयार करण्याचा एक अभ्यास

निवासी शाळेत घंटेच्या खालोखाल ऐकला जाणारा आवाज लाउडस्पीकरचा असतो. सकाळची वंदना, दिवसभराच्या सूचना, स्नेहसंमेलनातील नाटक, निकालाच्या दिवशी पुकारलेली नावे, हे सारे त्याच्याच वाटेने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. तेथे बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र पुष्कळदा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' म्हटले की 'साठ', हे त्याला शेजाऱ्याला विचारावे लागते. अशा वेळी आपण आवाज वाढवितो आणि गोंधळही तितकाच वाढतो. सभागृहातील प्रतिध्वनी हे याचे एक कारण आहे. दुसरे कारण स्पीकरच्या पेटीत आणि तिच्या आतील क्रॉसओव्हरमध्ये असते. ते मात्र आपल्याला स्वतःच्या हातांनी दूर करता येते. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मानवी बोलण्यात स्वरांची शक्ती मुख्यतः खालच्या वारंवारतेत असते. 'स', 'श', 'च' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा बराच भाग साधारण २००० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यात येतो. खालचा आवाज घुमू लागला की हा नाजूक भाग झाकला जातो आणि शब्द हरवतो.

पेटी कशाची असावी?

आजचा स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो, ते राईस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडले. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे हलते आणि त्याला जोडलेला कागदी पडदा हवा ढकलतो. पडदा पुढे जाताना मागे विरळ हवा निर्माण करतो. ही मागची लाट पुढच्या लाटेत मिसळली, तर खालचे स्वर परस्परांना नाहीसे करतात. म्हणून पेटी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तारेबरोबर स्वतःही कंप पावतो. तोच त्याचा गुण आहे. म्हणून अनेकांना वाटते, की उत्तम सागवानाची पेटी केली तर स्पीकरही गोड वाजेल. पण तंबोरा स्वर निर्माण करतो, तर स्पीकरला दुसऱ्याने निर्माण केलेला स्वर जसाच्या तसा पोहोचवायचा असतो. पेटी कंप पावली, की ती प्रत्येकाच्या बोलण्यात स्वतःचे बोलणे मिसळते. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे मौन.

या कसोटीवर पदार्थांची निवड करावी. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये हे सर्व पर्याय पाहता येतात. एमडीएफ जड व एकजिनसी असतो, सफाईने कापला जातो आणि त्यावर बोटाने टकटक केल्यास दबका आवाज येतो. मात्र त्याच्या कडांत स्क्रू नीट धरत नाही आणि ओल लागली की तो फुगतो. चांगले प्लायवुड वजनाच्या मानाने अधिक ताठ असते व स्क्रू घट्ट धरते. स्वस्त प्लायच्या थरांत पोकळ्या राहतात आणि त्या खरखरतात. सागवानी फळी ऋतूप्रमाणे आकसते व फुगते, सांधे उघडतात आणि खर्च मात्र वाढतो.

माझी पहिली जोडी मी भुश्याच्या स्वस्त पाट्यांची केली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तळ फुगला, स्क्रू ढिले झाले आणि हवा गळू लागली. वरून झकास सनमायका होता, पण 'बडा घर पोकळ वासा' म्हणजे काय, ते मला त्या पेटीने शिकविले. तेव्हापासून मी 'आय. एस. ७१०' ची खूण असलेले १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड वापरतो.

साडेसहा इंची वूफरसाठी उदाहरणादाखल १९ × २६ × ४० सेंटिमीटर आतील मापांची बंद पेटी घ्यावी. तिचे घनफळ सुमारे १९.८ लिटर भरते. नेमके घनफळ मात्र वूफरच्या माहितीपत्रकावरूनच ठरवावे. तिन्ही मापे वेगळी आहेत आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट नाही, याकडे लक्ष द्यावे. मापे समान असली, तर एकाच स्वराचे घुमणे तिन्ही दिशांनी साचते. मोठ्या फळ्यांच्या मध्ये एक आडवी पट्टी ठोकावी, सांधे गोंदाने भरावेत आणि आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर घालावा. शेवटी वूफरचा पडदा हलक्या हाताने दाबून सोडावा. तो सावकाश परतला, तर पेटी हवाबंद आहे असे समजावे. लाकूड कापताना नाकातोंडावर मास्क हवाच.

क्रॉसओव्हरचे काम

वूफरला बारीक स्वर नीट झेपत नाहीत, आणि खालचे स्वर ट्वीटरला जाळू शकतात. त्यांची विभागणी क्रॉसओव्हर करतो. कॉइल खालच्या वारंवारतेला वाट देते, कपॅसिटर वरच्या वारंवारतेला. ८ ओहमचे वूफर व ट्वीटर ३००० हर्ट्झवर विभागायचे असल्यास, लिंकविट्झ-रायली पद्धतीच्या दुसऱ्या श्रेणीच्या रचनेत ०.८५ मिलिहेन्रीच्या दोन कॉइल व ३.३ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लागतात. वूफरला कॉइल मालिकेत व कपॅसिटर समांतर, तर ट्वीटरला नेमके उलट. या रचनेत ट्वीटरच्या तारा उलट जोडाव्या लागतात. त्या तशा न जोडल्यास ३००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे व्यंजनांच्याच पट्ट्यात, आवाजाला खड्डा पडतो. स्पीकरचा रोध प्रत्यक्षात वारंवारतेनुसार बदलत असल्याने ही मूल्ये आरंभबिंदू समजावीत.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांत हे सुटे भाग मिळतात. ट्वीटरच्या मार्गात पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक प्रकार स्वस्त असतो, पण वर्षानुवर्षांनी आतून सुकतो आणि त्याचे मूल्य सरकते. धन-ऋण खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक तर येथे मुळीच वापरू नये. दोन्ही कॉइल एकमेकींपासून दूर व काटकोनात बसवाव्यात, नाही तर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते. पैसे मोजकेच असतील, तर बाहेरच्या पॉलिशवर नव्हे, ते या भागांवर खर्चावेत.

खरी परीक्षा

पेटी पूर्ण झाल्यावर गाणे लावून तिची परीक्षा घेऊ नये. सात, साठ, हात, पाठ, पाट, ताट असे वीस शब्द क्रम बदलून मध्यम आवाजात वाचावेत आणि शेवटच्या रांगेतील विद्यार्थ्यांनी ते लिहून काढावेत. जुन्या व नव्या स्पीकरवर किती शब्द अचूक आले, याची तुलना करावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट आवाजाची गरज त्यावरूनही पटावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी सुतारकाम जाणतो, कोणी विजेचे. एखाद्या सुट्टीत दोघांनी एकत्र येऊन वरच्या वर्गातील मुलांच्या हातून अशी एक जोडी करवून घ्यावी. विजेच्या जोडणीचे काम मात्र जाणत्यानेच करावे. मुले सूत्र फळ्यावर शिकतात, पण ते खरे ठरताना येथे आपल्या कानांनी ऐकतील. आणि शेवटच्या रांगेतील मुलाला आपले नाव शेजाऱ्याला विचारावे लागणार नाही.