गुटगुटीत बाळ आणि ‘ढोल्या’ विद्यार्थी

दोन वर्षांच्या बाळाला आपल्याकडे ‘गुटगुटीत’ म्हणून कौतुकाने कडेवर घेतात. तेच मूल दहाव्या वर्षी शाळेत ‘ढोल्या’ ठरते. बांधा तोच, पण लोकांची नजर पालटते. ती का पालटली हे मुलाला उमगत नाही. आपल्यात काही तरी उणे आहे, एवढेच त्याच्या मनात रुजते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. कुपोषणाच्या मानाने हा आकडा लहान खरा. पण हा केवळ श्रीमंतांघरचा प्रश्न, हा समज आता सोडावयास हवा. वेफर्सची पुडकी वाडीवस्तीवरच्या दुकानातही लटकत असतात.

अति मीठ, साखर व चरबीयुक्त पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांत ठेवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये घेतला. चिडवण्यावर मात्र निर्बंध कोण घालणार? चिडवले जाणारे मूल मैदान टाळते, कवायतीच्या तासाला त्याचे पोट दुखू लागते आणि मन रमविण्यासाठी ते पुन्हा खाऊकडेच वळते. वजन वाढतच राहते. म्हणून वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचू नये. तो पालकांनाच कळवावा. घरीही एकट्या त्याचा भात कमी करून भावंडांना फरसाण वाढणे अयोग्य होय. बदल सर्वांच्याच ताटात व्हावा. मूल एकाएकी जेवण टाळू लागले, चोरून खाऊ लागले किंवा स्नेहसंमेलनातून अंग काढून घेऊ लागले, तर आधी त्याला जवळ घेऊन विचारावे आणि मग डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.