आधी बघा, मशीन कशासाठी थांबलंय

अक्षरजुळणीच्या धंद्यात गणपती उठले की जेवायलाही फुरसत नसते. दिवाळी अंकांची पानं एकामागून एक येत असतात, जाहिराती ऐन वेळी बदलतात, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक टेबलावरून एकच तक्रार सुरू होते : "मशीन फार स्लो झालंय हो!" अशा घाईत दुकानदार जे सांगेल ते पटतं. आमच्या काकांना, म्हणजे ऑफिसच्या मालकांना, तसंच पटलं होतं. "ताई, तुमचे प्रोसेसर फोर्थ जनरेशनचे आहेत," दुकानातला मुलगा मला म्हणाला, "आता बारावी-तेरावी चालू आहे. सगळीच बदलून टाका." मी काकांना एवढंच म्हटलं, सगळी नकोत, एक घेऊन बघू.

ते एक माझ्या टेबलावर आलं. बाराव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, आत एसएसडी. बटण दाबून खुर्ची पुढे ओढेपर्यंत विंडोज हजर. काका खूश. मग मी दिवाळी अंकाची फाइल उघडायला घेतली. सहाशे एमबीची, फोटोंनी भरलेली, कोपऱ्यातल्या सामायिक मशीनवर ठेवलेली. शेजारच्या टेबलावर, दहा वर्षं जुन्या मशीनवर, तीच फाइल उघडायला जवळपास मिनिटभर लागायचं. नव्यावरही तेवढंच लागलं. काका माझ्या मागे उभे होते. काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर बिलाकडे गेली.

कारण शोधायला फार अक्कल लागली नाही. सगळी मशीन ज्या स्विचला जोडलेली होती तो १०० एमबीपीएसचा होता. हा आकडा बिट्सचा असतो. आठाने भागलं की सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी. सहाशे भागिले साडेबारा, म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. प्रोसेसर चौथ्या पिढीचा असो की चौदाव्या, त्या अठ्ठेचाळीस सेकंदांत तो फाइलची वाट बघत बसून राहणार. गच्चीवर कितीही मोठी टाकी बांधा, खालून येणारी पाइप अर्ध्या इंचाची असेल तर पाणी तेवढ्याच वेगाने येणार. गिगाबिट स्विच नव्या प्रोसेसरच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत मिळतो. तो बसवल्यावर एक टेबल तरीही रखडत होतं, तेव्हा केबल तपासली. तिच्या आठ तारांपैकी चारच क्रिम्प केलेल्या निघाल्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

म्हणून कुणी "अपग्रेड करू का?" असं विचारलं की मी उलट विचारते : नक्की कोणत्या कामाला थांबावं लागतं? "सगळंच स्लो आहे" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. जे काम रडवतं ते सुरू करा आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क या चार आकड्यांकडे बघत बसा. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. तिथे साधी साटा एसएसडी बसवा. जुन्या हार्ड डिस्कला सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचताना धाप लागते, ही पाचशेच्या आसपास वाचते. आणि बारीकसारीक फायली शोधताना तर फरक कितीतरी पटींनी जास्त. नवीन मशीन घेतल्यावर लोक जे "काय पळतंय!" म्हणतात, त्यातलं बरंचसं श्रेय आतल्या एसएसडीचं असतं, पण मिरवतो प्रोसेसर.

प्रोसेसरचा आकडा वाचताना मात्र सावध राहा. आमच्याकडे पेजमेकर अजून जिवंत आहे. जुन्या फाँटमधली पुस्तकं पुनर्मुद्रणाला येतात, दुसरा इलाज नाही. त्यात एक जड काम लावलं की जुन्या मशीनवर प्रोसेसर पंचवीस टक्के दिसायचा, नव्यावर आठ. दुकानातला मुलगा म्हणाला, "बघा, लोड किती कमी झाला!" लोड कमी झालेला नव्हता. जुन्या प्रोसेसरला चार कोर होते. नव्याला सहा कोर आणि बारा थ्रेड. हे सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोर वापरतं. चारांतला एक पूर्ण भरला तर पंचवीस टक्के, बारांतला एक भरला तर आठ. दोन्हीकडे तो एकटा कोर घाम गाळत होता आणि बाकीचे हातावर हात ठेवून बसले होते. जीन अमडाल यांनी १९६७ सालीच हा मुद्दा मांडला होता : कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. नव्या पिढीतला एकेक कोर जुन्यापेक्षा चपळ असतो, त्यामुळे फरक पडतो, पण कोरांची संख्या वाढली त्या पटीत नाही. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं यांत सगळे कोर राबतात. तिथे नवा प्रोसेसर पैसे वसूल करून देतो. टायपिंग, टॅली, ब्राउझर, पानं लावणं यांत नाही.

रॅमची गोष्ट वेगळी. ती कमी पडते तोवर जीव नकोसा करते आणि पुरेशी झाली की त्यापुढची नुसती पडून राहते. चार किंवा आठ जीबीवर फोटोशॉप, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप एकदम चालू ठेवलं की विंडोज उरलेला माल डिस्कवर ढकलायला लागतं, आणि मग माऊससुद्धा अडखळतो. तिथे आठाचे सोळा करा. यापेक्षा चोख सुधारणा नाही. पण टास्क मॅनेजरमध्ये सोळापैकी नऊच वापरली जात असेल, तर बत्तीस करून काय मिळणार? पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, ३२ बिटची. असं सॉफ्टवेअर चार जीबीच्या पलीकडे बघूच शकत नाही, बहुतेकदा दोनवरच थांबतं. त्याच्यासाठी बत्तीस जीबी घेणारे लोक मी पाहिलेत.

आणि डीडीआर-फोर की डीडीआर-फाइव्ह? खोक्यावर ३२००, ६००० असे आकडे छापलेले असतात. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'सीएल' असतं, ते कुणी वाचत नाही. सीएलला दोन हजारांनी गुणा आणि मोठ्या आकड्याने भागा. पहिला डेटा मिळायला किती नॅनोसेकंद लागतात ते कळतं. ३२००, सीएल १६ : दहा नॅनोसेकंद. ६०००, सीएल ३० : तेही दहा. डीडीआर-फाइव्ह ४८००, सीएल ४० : साडेसोळाच्या वर. म्हणजे नवी रॅम एका वेळी माल जास्त वाहते, पण दारात पोहोचायला लागणारा वेळ तोच, कधी उलट जास्त. त्यातून ६०००चं लेबल असलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्याशिवाय सहसा पूर्ण वेगाने धावतच नाही. दुकानदाराला हे समोर चालू करून दाखवायला सांगा. सोळाची एक स्टिक देत असेल तर आठाच्या दोन मागा. दोन चॅनेल मिळतात, रुंदी दुप्पट होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

खर्चाचा खरा फटका बसतो तो पुढच्या साखळीत. प्रोसेसर बदलला की सॉकेट बदलतो, म्हणून मदरबोर्ड. बोर्ड बदलला की जुनी डीडीआर-थ्री बसत नाही, म्हणून रॅम. जुना कूलरही बसत नाही. मशीनबरोबर आलेलं ओईएम विंडोज बोर्डाशी बांधलेलं असतं, म्हणून नवं लायसन्स. आमच्यासारख्यांचं आणखी एक दुखणं : फाँटच्या जुन्या पॅकेजचं लॉक प्रिंटर पोर्टला लागतं, आणि नव्या बोर्डाला तो पोर्टच नाही. सॉकेट सारखा दिसला म्हणून हुरळू नका. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीला पिना ११५१च, तरी आठवीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. एएमडीच्या एएम-फोरवाल्यांचं नशीब बरं. २०१७च्या काही बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२चा प्रोसेसर बसतो. तुमचा बोर्ड त्यातला असेल तर सगळं न मोडता फक्त प्रोसेसर बदला.

बदलायचं खरं कारण कधीकधी वेग नसतोच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, चालत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार होतात ते बदलावंच. त्यात चिकटपणा करू नये. आम्ही तेवढीच बदलली. पेजमेकरचं जुनं मशीन एसएसडी घालून, इंटरनेटची केबल काढून, लॉकसकट तसंच ठेवलंय.

रॅम घ्यायची असेल तर भाव दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीला भाव चांगलेच भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचंही जाहीर केलं. त्यामुळे जुन्या मशीनमधून निघालेल्या डीडीआर-फोरच्या स्टिक दुकानदार "राहू द्या इथेच" म्हणाला, तरी पिशवीत घालून घरी आणा.