नाणेफेकीवरून संभाव्यतेचा पाठ

दोन नाणी एकदम उडविली असता निदान एक तरी छापा पडण्याचा संभव किती? हा प्रश्न इयत्ता सातवीच्या वर्गास घालावा. बहुतेक मुले सांगतील की, दोन छापे, एक छापा किंवा एकही नाही असे तीनच प्रकार असल्यामुळे संभव तिनांत दोन. या उत्तरास हसू नये. फ्रेंच गणिती दालाँबेर यानेही १७५४ साली विश्वकोशातील आपल्या लेखात हेच मत मांडले होते.

खरे उत्तर नाण्यांकडूनच वदवून घ्यावे. एक नाणे रुपयाचे व दुसरे पाचाचे असावे. म्हणजे रुपयाचा छापा व पाचाचा काटा, आणि याच्या उलट, हे दोन निराळे प्रकार आहेत हे मुलांच्या नजरेस येते. सारखी नाणी घेतल्यास नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. एकूण प्रकार चार. त्यांपैकी तिहींत छापा आहे. ४० मुलांच्या २० जोड्या करून प्रत्येकीस १० फेकी द्याव्यात व नोंद क्रमाने ठेवावी. (खाली घोंगडी अंथरावी, नाहीतर तास नाणी शोधण्यातच जातो.) २०० फेकींत ‘एक छापा’ सुमारे १०० वेळा येईल. बरोबर १०० चा आग्रह नसावा, आणि विचित्र नोंद खोडू तर मुळीच नये. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिच याने नाणे १०,००० वेळा उडविले; छापे ५,०६७ पडले.

मग रुपयाचे सलग तीन छापे जेथे पडले असतील, त्यापुढची फेक तेवढी वेचावयास सांगावी. “आता काटाच येणार” ही समजूत तेथे टिकत नाही. पाठाचे खरे महत्त्व येथे आहे. तीन मुलींनंतर मुलगाच होणार, या आशेने आईवर आणखी एक बाळंतपण लादले जाते, आणि मुलगी झाली की बोल तिलाच. जन्मतः १०० मुलींमागे मुलगे सुमारे १०५ असतात; तेव्हा नाण्याचा नमुना येथे पुष्कळसा जुळतो, आणि चौथ्या वेळीही संभव जवळजवळ निम्माच राहतो. उदाहरण काल्पनिक कुटुंबाचे घ्यावे. वर्गातील कोणाच्या घराचे कधीही नको.

सिन्नरच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागातील मुले विचारतील, “दोन वर्षे कोरडी गेली, यंदा पाऊस होणारच ना?” पाऊस होणे व न होणे हे प्रकार दोनच असले, तरी समसमान नव्हेत. तेथे नाणे बाजूस ठेवून पर्जन्यमापकाच्या अनेक वर्षांच्या नोंदी वर्गात मांडाव्यात.