मार्चची वही

पोरी, चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या या घरात तुझा हा पहिलाच मार्च. होळी झाली तशी तू विचारलंस, "आजी, रजया बांधून ठेवू का?" मी म्हटलं, थांब. त्या 'थांब'मागे माझी हवापाण्याच्या नोंदींची वही आहे. रोज नोंद करायची सवय मला सासऱ्यांनी लावली. आता ती वही तुझी.

आधी एक समजून घे. आपल्याकडचा, महाराष्ट्रातला वळीव दुपारभर तापून संध्याकाळी कोसळतो आणि तासाभरात आभाळ मोकळं होतं. इथला मार्चचा पाऊस तसा नाही. तो पश्चिमी झंझावाताचा. भूमध्य समुद्राकडून निघालेला हा हवेचा खळगा इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतो आणि हिमालयाला भिडतो. त्याला उन्हाची वाट पाहावी लागत नाही. पहाटे तीनलाही बरसतो. माझ्या पहिल्या वर्षी संध्याकाळचं लख्ख आभाळ पाहून मी कुरडया गच्चीवरच ठेवल्या. सकाळी पांढरा चिखल उरला होता. सासरे एवढंच म्हणाले, "आभाळ एकदा बघून कळत नाही, रोज बघून कळतं."

वेळ एकच ठेव. सकाळी साडेआठ. आपल्या देशातल्या वेधशाळा याच वेळी मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात, म्हणजे तुझा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. कमाल-किमान तापमापक उत्तरेकडच्या व्हरांड्यात, सावलीत, छातीएवढ्या उंचीवर टांगलेला आहे. तो तिथून हलवू नकोस. तापलेल्या विटेच्या भिंतीला टेकला तर तो भिंतीचं तापमान सांगेल, हवेचं नाही. सकाळी दिसणारं किमान आजचं, पण कमाल कालच्या दुपारचं. ते कालच्या तारखेपुढे लिही. आजच्या तारखेपुढे लिहायची चूक सगळेच करतात. वाचून झालं की खुणा परत पाऱ्याला आणून लाव.

पाऊस डब्यात मोज. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा गच्चीच्या मधोमध ठेव. जवळची भिंत डब्याहून जेवढी उंच, तिच्या दुप्पट अंतर सोड. आत पट्टी उभी धर आणि मिलिमीटर वाच. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अडीच मिलिमीटर झाला तर हवामान खातं त्याला पावसाचा दिवस म्हणतं. कमी असला तरी लिही. शून्यही लिही. रिकामी जागा ठेवलीस तर पुढच्या वर्षी कळणार नाही की पाऊस नव्हता की तू घरी नव्हतीस.

दिशा रस्त्यावरून ठरवू नकोस. चंदीगडचे रस्ते काटकोनात आहेत, पण ते उत्तर-दक्षिण धरून आखलेले नाहीत. हिमालय मार्गावर डोंगराकडे तोंड करून उभी राहिलीस तर समोर उत्तर नसते, ईशान्य असते. रात्री ध्रुवतारा बघून गच्चीच्या कठड्यावर खडूने बाण काढून ठेव. वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव लिहायचं, जातो तिकडचं नाही.

आता क्रम ओळखायला शीक. पश्चिमेकडून पिसांसारखे पातळ ढग येतात, चंद्राला खळं पडतं. वारा फिरून पूर्वेचा, आग्नेयेचा होतो. शेजारच्या पंजाबी बायका त्याला 'पुरा' म्हणतात. रात्रीचं किमान अचानक दोन-तीन अंशांनी चढतं, कारण ढग जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. या तिन्ही खुणा एका पानावर आल्या की वाळवण आत घे. गच्चीवरच्या पाण्याच्या तोंडाशी साचलेली पानं काढ. इथली पानगळ याच दिवसांत असते आणि गच्ची तुंबते. मग गडगडाट, पाऊस, कधी गारा. तो सरला की वायव्येचं वारं सुटतं, आभाळ धुतल्यासारखं होतं, डोंगर हाताशी आल्यासारखा वाटतो. त्या रात्री ऊब निसटत राहते आणि सकाळी किमान घसरतं. रजई लागते ती तेव्हा, पावसाच्या दिवशी नव्हे. म्हणून किमान सलग आठवडाभर १५ च्या वर राहीपर्यंत रजया पेटीच्या तळाशी घालायच्या नाहीत.

गडगडाट ऐकू आला की वही मिटायची. गच्ची सोड, झाडाखाली थांबू नकोस, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच राहा. डबा कुठे पळत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर घे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला तर ते सांगतं. गारा पडल्या तर थांबल्यावर एक उचल, पट्टीवर मोज आणि वेळेसकट लिही.

हे सगळं कशासाठी, असं वाटेल. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत उष्ण मार्च ठरला. पंजाबात गव्हाचा दाणा भरायच्या आतच आटला. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, अवकाळी पाऊस आणि गारांनी उभा गहू आडवा केला. दोन मार्च, दोन तऱ्हा. "यंदा हवा विचित्रच आहे" असं लोक दरवर्षी म्हणतात. विचित्र किती, हे ज्याच्याकडे मागची पानं आहेत त्यालाच सांगता येतं.

आणि हे काम आपल्याला परकं नाही. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. आपण त्याच वाटेने उलटे, डोंगराच्या पायथ्याशी आलो आहोत.

वही स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे. उद्या साडेआठला पहिली ओळ तू लिही.